बघू आणि पाहू

मिलिंद,

तुझी शोकसभा गेल्या शनिवारी झाली. वेळेवर सुरू झाली आणि वेळेवर संपली, म्हणजे पुण्याच्या मापाने उत्तमच झाली. आपण दोघांनी बांधलेल्या शाळेतच घेतली, पहिल्या मजल्यावर, तिसरीच्या वर्गात. टेबलावर तुझा फोटो, त्याला हार. फोटो कुठला, तर पासपोर्टचा मोठा केलेला. त्यात तू समोरच्या साहेबाला घाबरल्यासारखा दिसतोस. मी साइटवरचा दिला होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि कानावर पेन्सिल. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह म्हणाले, "छान आहे हो, पण प्रसंगाला शोभायला हवा ना."

माणसं मात्र खूप आली. खडकीहून तुझ्या सुजाताच्या फॅक्टरीतली आली, तुमच्या क्वार्टर्समधले शेजारी आले, आपल्या ऑफिसात शिकून बाहेर पडलेली पोरं आली. वर्गात मावेनात. निम्मी माणसं बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिली. तिसरी आणि चौथी या दोन वर्गांमधली भिंत सरकते. ती सरकवली असती तर सगळी आत बसली असती, ती भिंत त्यासाठीच तर होती. पण तिला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या कुलूप घातलेल्या भिंतीपुढे उभं राहून कार्यवाहांनी तुझ्या 'सरकत्या भिंतींच्या अभिनव कल्पने'वर भाषण केलं.

आणि बाहेर, दाराच्या चौकटीला धरून, मान तिरकी करून आत बघत तुझे दादा उभे होते. नागपूरची गाडी उशिरा पोचली, तोवर खुर्च्या भरल्या होत्या. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच 'बस, बस' केलं. सख्ख्या भावाची शोकसभा त्यांनी वर्गाबाहेर उभं राहून ऐकली. मला तिथे जे आठवलं ते त्या वर्गात फक्त मला आणि दादांनाच आठवलं असणार. सुजातालाही, कदाचित. पण ती पहिल्या रांगेत होती, तिला मागे वळून बघता आलं नाही.

आज दुपारी पुन्हा शाळेत जाऊन आले. त्याबद्दल सांगायचंय. पण आधी मला तुझा जो राग आलाय तो सांगून घेते, कारण गेल्यावर माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात आणि शनिवारी ते काम सगळ्यांनी मिळून पुरेसं केलं आहे.

तू आर्किटेक्चरच्या कॉलेजात आलास तेव्हा पहिल्याच दिवशी मला विचारलं होतंस, "काय करून राहिली?" मी म्हटलं होतं, "मी इथे राहत नाही, शनिवार पेठेत राहते. इथे ड्रॉइंग करते." सगळा वर्ग हसला. तूही हसलास, आणि 'करून राहिली' काही सोडलं नाहीस. इतकी वर्षं पुण्यात काढलीस, कोथरूडला ऑफिस थाटलंस, रोज खडकीहून स्कूटर मारत आलास, पण तुझी नागपुरी जशीच्या तशी. बाहेरच्यांसमोर शुद्ध बोलायचास, माझ्यापेक्षा शुद्ध. माझ्यासमोर आलास की 'काहून' सुरू. मी त्याला वैतागायचे. आता ऑफिसात सगळे इतकं नीट बोलतात की बसवत नाही.

शाळेचं काम आलं तेव्हाच्या पहिल्या मीटिंगची गोष्ट. तू आराखडा मांडलास. वर्गांमधल्या भिंती सरकणाऱ्या, वरून टांगलेल्या, खाली रूळ नाही, म्हणजे पोरं अडखळायला नकोत. फळा एकाच भिंतीवर नाही, चारही बाजूंना, आणि पोरांचा हात पोचेल इतका खाली. बाक हलके, पोरांनीच उचलावेत असे. "वर्गाला कायमची पुढची बाजू असायलाच नको," तू म्हणालास. "आज पुढे म्हणजे इकडे, उद्या तिकडे. मग मागचा बाक कुठला ते कुणाला सांगताच येणार नाही." अध्यक्षांनी चष्मा पुसला. कार्यवाह म्हणाले, "छान आहे. बघू."

जिन्यात मी म्हणाले, "झालं. गेलं काम."

"काहून? बघू म्हणले ना ते."

मग मी तुला जिन्यातच पुणेरी व्याकरण शिकवलं. 'बघू' म्हणजे नाही. 'नक्की बघू' म्हणजे अजिबात नाही. 'बघू की, न बघायला काय झालं' म्हणजे पुन्हा फोन करू नका. तू कौतुकाने ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आमच्याकडे पाहू म्हणतात. आणि पाहू म्हटलं की माणूस पाहते."

पुढच्या आठवड्यात तू एकटाच संस्थेत जाऊन उभा राहिलास. "सर, बघितलं का?" कार्यवाह गडबडले. म्हणाले, जरा घाई आहे, बघू. तू पुन्हा गेलास. "सर, बघितलं का? काही अडत असलं तर मी समजावून सांगतो." त्यांनी चहा मागवला. तू चहा प्यायलास आणि आराखडा पुन्हा पसरलास. हे किती वेळा चाललं देव जाणे. शेवटी एक दिवस त्यांचा मला फोन. "तुमच्या पार्टनरना एकदा सांगा हो..." एवढं म्हणून थांबले. काय सांगायचं ते काही सांगवेना. मग म्हणाले, "बरं, करू या म्हणा. एवढं म्हणताहेत तर करू या."

त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, "तुला खरंच कळत नाही, का वेड पांघरून पेडगावला जातोस?"

तू पेन्सिलीला टोक करायला लागलास. "समजते ना. तू सांगितलं त्याच्या आधीपासून समजते. पण मला नाही समजलं तर त्यांना तोंडानं नाही म्हणावं लागते. आणि तोंडानं नाही म्हणायला हे लोक लाजतात."

मी खूप हसले होते. आमच्याच भिडेचा दोर करून तू आम्हाला त्यावरून चालवत होतास. पण मिलिंद, ते नाही म्हणायला लाजत होते, नाही करायला लाजत नव्हते. हे तू लक्षात घेतलं नाहीस, आणि मी तेव्हा हसत होते म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही.

आणखी एक. शनिवारी सगळ्यांनी त्या भिंतींच्या श्रेयात मलाही ओढलं, म्हणून सांगते. माझा त्या भिंतींना विरोध होता. तुला आठवतं ना, आपण किती भांडलो? मी म्हणायचे, भिंत सरकेल रे, माणूस सरकणार नाही. बाईंना सवय आहे फळ्यापाशी उभं राहायची, त्या तुझ्यासाठी वर्गभर फिरणार आहेत का? त्यापेक्षा साध्या भिंती बांध, खिडक्या मोठ्या ठेव आणि बाहेर छान रुंद व्हरांडा काढ. पोरं बाहेर येऊन बसतील.

"व्हरांडा नाही," तू म्हणालास.

"का? चांगला असतो की."

"शुभा, व्हरांडा नाही म्हटलं ना."

तू माझ्यावर कधी आवाज चढवत नसायचास. त्या दिवशी चढवलास. आणि मग, खाली मान घालून, तुझ्या बाबांची गोष्ट सांगितलीस. नागपूरजवळच्या गावातली शाळा, एकच खोली, बाहेर व्हरांडा. बाबांच्या लहानपणी तुमच्या लोकांच्या पोरांनी आत बसायचं नाही, व्हरांड्यात बसायचं. दारातून जेवढा फळा दिसेल तेवढा शिकायचा. बाबांच्या जागेवरून फळ्याची उजवी बाजू दिसायची. म्हणून त्यांना ओळींचे शेवट आधी यायला लागले. बौद्ध झाल्यावर ते शहरात आले, रात्रशाळेत शिकले, रेल्वेत लागले, पण म्हातारपणापर्यंत वर्तमानपत्र वाचताना त्यांची नजर आधी ओळीच्या शेवटी जायची आणि मग मागे यायची. तुम्ही भावंडं त्यांना हसायचात. हे सांगताना तू हसलास आणि मग तुला हसता आलं नाही.

"आणि मी," तू म्हणालास, "मला कुणी बाहेर नाही बसवलं. मी शहरातल्या चांगल्या शाळेत होतो. मला कुणी मागंही बसवलं नाही. मीच जाऊन बसायचो, शेवटच्या बाकावर. कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात येईपर्यंत बसत होतो. म्हणून मागचा बाकच नको, शुभा. मागचं असं काही नकोच."

त्यानंतर मी भिंतींना विरोध केला नाही. पण आपलं दुसरं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते आजवर मिटलेलं नाही. मी म्हटलं, हे मीटिंगमध्ये सांग. जसं मला सांगितलंस तसं सांग. तू नाही म्हणालास. पुण्यातल्यासारखं 'बघू' नाही, सरळ नाही.

"सांगितलं तर ते रडतील," तू म्हणालास. "रडतील आणि भिंत देतील. आणि मग जन्मभर सांगत फिरतील की आम्ही यांना भिंत दिली. मला ती चांगली आहे म्हणून पाहिजे. पोरांसाठी चांगली आहे म्हणून."

"पण कारण माहीत नसेल तर ती टिकवेल कोण?"

"चांगली असली तर टिकते."

टिकते म्हणे! मी तेव्हा उत्तर दिलं नाही कारण तुझे डोळे भरलेले होते. आता देते. चांगल्या गोष्टी टिकत नाहीत, मिलिंद. ज्यांच्यामागे कुणीतरी हात धुऊन लागलेलं असतं त्या टिकतात.

बांधकामाचे दिवस मात्र मला कुणी परत दिले तर मी आत्ता घेईन. भिंतीतून आवाज जाईल म्हणून सगळे घाबरत होते. तू बुधवार पेठेत जाऊन आवाज मोजायचं यंत्र आणायचं ठरवलंस, मीही आले. तू दुकानदाराला एवढ्या उत्साहाने भिंतीचं सगळं समजावलंस, की तो शांतपणे म्हणाला, "आवाज मोजायचाय ना? मग आधी स्वतःचा कमी करा." बाहेर येऊन आपण रस्त्यात उभं राहून हसलो. मग साइटवर तू भिंतीच्या पलीकडे गेलास, मी अलीकडे. तू मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागलास. बे एके बे, बे दुणे चार. मध्येच थांबून ओरडलास, "ऐकू येऊन राहिलं का बे?" मी इकडून ओरडले, "हे पाढ्यातलं बे का नागपूरचं?" तू भिंत सरकवून डोकं बाहेर काढलंस आणि म्हणालास, "ऐकू आलं म्हणजे! अजून एक थर लावावा लागते." दुसरा थर लागला, भिंत जड झाली, तर तू वरची चाकं बदलून घेतलीस. दोन बायकांना हाताने सरकवता आली पाहिजे हा तुझा हट्ट. शिपाई बोलवावा लागला तर रोज कोण बोलावणार, म्हणायचास. त्या वेळी तू माझ्याहून शहाणा होतास.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, हेही खरं. आपण गेलो होतो तेव्हा तिसरी-चौथी एकत्र बसून घड्याळ शिकत होती. भिंत उघडी, पोरं जमिनीवर गोल करून बसलेली, आणि तीच घड्याळाचे आकडे झालेली. तू दारात उभा राहून बघत होतास. कुणी आत ये म्हणालं तरी आत गेला नाहीस.

मग पालक यायला लागले. "आमच्या आर्यनला पहिल्या बाकावर बसवा, चष्मा आहे हो त्याला." शाळा म्हणाली, आपल्याकडे पहिला बाक नसतो. पालक म्हणाले, असं कसं, शाळा आहे ना ही? कोथरूडमध्ये लोक सोसायटीत पार्किंगसाठी भांडतात, ते पहिला बाक सोडतील का? मग तिसरीच्या गोडबोले बाई. नावाला अजिबात न जागणाऱ्या. त्या तुझ्यासमोर म्हणाल्या होत्या, "अहो, मी वळले की पुढचं मागं होतं. मला गरगरतं. आणि कोण लक्ष देतंय, कोण नाही, हे मला कळायला नको?" तू त्यांना खुर्चीवर बसवून अर्धा तास समजावलंस. त्या म्हणाल्या, "बरं. बघू."

आणि तिथून एकेक गोष्ट परत फिरली. परीक्षेपुरती भिंत बंद केली ती बंदच राहिली. सुरक्षेसाठी म्हणून कुलूप लागलं. खालच्या फळ्यांवर तक्ते चिकटले, मग कपाटं आली. हलके बाक आवाज करतात म्हणून जड बाक आणले, रांगेत लावले, सगळ्यांची तोंडं एका भिंतीकडे. पहिला बाक आला. मागचा आपोआप आला, त्याला वेगळी खरेदी लागत नाही.

मला वाटलं होतं तू भांडशील. मी म्हटलं, आपण संस्थेकडे जाऊ, लोकांना बोलावू, काहीतरी करू. तू म्हणालास, "पाहू." आणि मी ताबडतोब गप्प बसले, कारण तुझं 'पाहू' खरं असायचं. तू पुन्हा संस्थेत गेलासही. चहा प्यायलास, आराखडा पसरलास. पण या वेळी त्यांना काही द्यायचंच नव्हतं, जे होतं ते फक्त बंद ठेवायचं होतं, आणि त्यासाठी तोंड उघडावं लागत नाही. तू परत आलास तेव्हा नेहमीसारखं काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून तू जरा दमल्यासारखा दिसायला लागलास. सुजाता म्हणते असं काही नाही, तुला आधीपासूनच त्रास होता. असेल. तिला जास्त माहीत. पण मी तुझ्यासमोरच्या टेबलावर बसत होते आणि मला जे दिसलं ते दिसलं.

छातीत दुखतं म्हणालास, तेव्हा मी होते ना समोर. गॅस असेल, म्हणालास. मी म्हटलं, ऊठ, मी गाडी काढते, डॉक्टरकडे जाऊ. आणि तू म्हणालास, "बघू."

जन्मात एकदा, मिलिंद. इतकी वर्षं पुण्यात राहून एकदाच तू ते आमच्यासारखं म्हणालास. पाहू म्हणाला असतास तर तुला ओढून न्यायची वेळच आली नसती, तू स्वतःच गेला असतास. मला तो शब्द ऐकल्याबरोबर कळलं की हा जाणार नाही. आमचा शब्द, आम्हाला कळणारच. संध्याकाळी खडकीहून सुजाताचा फोन आला. हे मी तुला माफ केलेलं नाही. बाकीचं जाऊ दे, इतर गोष्टींसाठी मी भांडत राहीन, पण यासाठी भांडायला तू मला जागाही ठेवली नाहीस.

तर शोकसभा. कार्यवाह छान बोलले. तुझी चिकाटी, तुझा स्वभाव, तुझी भाषा. "इतकं शुद्ध मराठी," ते म्हणाले, "मिलिंदरावांशी बोलताना कधी वाटायचंच नाही हो, की ते..." आणि थांबले. पुण्यात अशी वाक्यं अर्धीच सोडतात, उरलेलं ऐकणाऱ्याने भरून घ्यायचं असतं. सगळ्यांनी भरून घेतलं, माना डोलावल्या. मी दाराकडे बघितलं. दादांनी चौकटीवरचा हात काढून घेतला होता. बाबांना ओळीचा शेवट आधी यायचा. दादांनाही आला असणार.

मला बोलायला सांगितलं होतं. उठून सगळं सांगावं असं मनात आलं. व्हरांडा, फळ्याची उजवी बाजू, सगळं. त्यांना रडवावं पोटभर. पण तू नको म्हणाला होतास, आणि त्या भांडणात तुझी बाजू मांडायला तू नव्हतास. समोर माणूस नसताना भांडण जिंकण्यात काय अर्थ? मी उठले आणि म्हणाले, "पॅसेजमध्ये बरेच लोक उभे आहेत. त्यांना आत घ्यायची सोय मिलिंदने करून ठेवली होती." आणि खाली बसले. आभारप्रदर्शन करणाऱ्याने त्याबद्दलही माझे आभार मानले.

सोमवारी कार्यवाह ऑफिसात आले, स्वतः. तुझ्या खुर्चीकडे बघून "च्च" केलं आणि पलीकडच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, संस्थेची इच्छा आहे की मिलिंदरावांचं नाव कायम राहावं. पहिल्या मजल्यावर त्यांच्या नावाचा एक हॉल करावा. त्यासाठी सरकत्या भिंती काढून पक्क्या विटांच्या बांधायच्या, म्हणजे हॉल वेगळा होईल, वर्ग वेगळे होतील, आवाजाचाही प्रश्न मिटेल. दारावर संगमरवरी पाटी. "मूळ आर्किटेक्टच्या ऑफिसची सही नकाशावर असली की पुढे काही प्रश्न येत नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हणणार नाही, हे माहीत आहे."

तुझ्या भिंती पाडून तुझं नाव लावायचं, आणि सही माझी. मी त्यांना पाणी दिलं. पंखा एकने वाढवला. आणि म्हणाले, "बघू."

त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास! अस्सल पुणेकर, आडनावाच्याही आधीपासूनचे. एका क्षणात समजले. "नाही, म्हणजे, घाई नाही," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "बघू म्हणजे?"

माझ्या उभ्या आयुष्यात या शहरात कुणी हे विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू म्हणजे बघू. पाडायची ती वस्तू आधी चालू करून बघायला हवी ना? मी गुरुवारी येते. तेवढी किल्ली शोधून ठेवा." तोंडाने नाही म्हणायची त्यांची पुन्हा पंचाईत झाली.

आज गुरुवार. किल्ली मिळाली, पण कुलूप गंजलेलं होतं, तेल घालावं लागलं. वर्ग सुरू होता. गोडबोले बाई फळ्यावर भागाकार लिहीत होत्या. त्यांनी मला बघून कपाळाला आठ्या घातल्या, मग कपाट बाजूला करायला माझ्याआधी त्यांनीच हात लावला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "शनिवारी त्यांचे भाऊ बाहेर उभे होते. मी दारातच बसले होते. ते बरं नाही झालं."

मला वाटलं, भिंत हलणार नाही. इतकी वर्षं बंद, चाकं धरली असतील, आणि मग मी तुझ्यावर चिडायला मोकळी. आम्ही दोघींनी हात लावला. आणि ती सरकली रे. आधी जरा कुरकुरली, मग सरळ गेली, शेवटपर्यंत. दोन बायकांना सरकवता येईल म्हणाला होतास ना, त्यातली एक साठीची आणि दुसरी गोडबोले बाई. पलीकडे चौथीची पोरं तोंडं उघडी टाकून आमच्याकडे बघत होती. तिसरीतली मागच्या रांगेतली पोरं आता दोन्ही वर्गांच्या बरोबर मध्ये आली होती. त्यांना कुणी हलवलं नव्हतं, ती आपल्या जागेवरच होती. त्यातली एक मुलगी मागे वळून चौथीतल्या कुणाला तरी हात करत होती.

मला रडू आलं. पण माझी समजूत घालू नकोस. यातून काही होणार नाही कदाचित. मी सही करणार नाही, ते दुसरा आर्किटेक्ट शोधतील, पुण्यात आर्किटेक्टांची वानवा नाही. पाटी लागेल. वर्षश्राद्धासारखा कार्यक्रम ठेवतील, तुमच्यात तो करत नाहीत हे कुणी विचारणारही नाही. हे सगळं मला दिसतंय.

बाई मात्र खडू हातात धरून वर्गाच्या मधोमध उभ्या होत्या. एकदा इकडे वळल्या, एकदा तिकडे. सगळीकडे पोरं. हा प्रश्न त्यांनी तुला विचारावा म्हणून तू किती वाट बघितलीस. आणि आज, तू नसताना, त्यांनी मला विचारला.

"अहो, आता मी उभी कुठे राहू?"

मिलिंद, मला याचं उत्तर येत नाही. ते तुझं काम होतं.

मी म्हटलं, "पाहू."